लाल दिवा आणि इंजिनातली टकटक

तेलाचा दिवा लुकलुकू लागला की कोणी म्हणते ‘वायर ढिली असेल’, कोणी म्हणते ‘इंजिन गेले’. दोघेही चूक असू शकतात. जुन्या गाडीचा नेमका आजार शोधायचा कसा?

इंदूरच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. नाशिकचे लग्न आटोपून मंडळी परत निघाली होती. गाडी मारुती 800, जुनीच, पण घरातल्या माणसासारखी सांभाळलेली. पळासनेर मागे पडले, बिजासनचा घाट चढला आणि सेंधव्याला चहासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागे सासूबाई फराळाचा डबा उघडत होत्या. तेवढ्यात पुढे बसलेल्या सूनबाई म्हणाल्या, ‘‘अहो, हा लाल दिवा कसला लुकलुकतोय?’’

गृहस्थांनी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला. दिवा विझला. पाय काढताच पुन्हा लुकलुकू लागला.

‘‘काही नाही गं, वायर ढिली असेल.’’

‘‘आणि घाट चढताना टकटक येत होती ती? तीही वायरच का?’’

बाईंनी दोन गोष्टी एकत्र जोडल्या, आणि तिथेच निम्मे निदान झाले. दिवा एकटा असता तर वायरची शंका घेण्यात चूक नव्हती. आवाज एकटा असता तर तो टॅपेटचा म्हणून सोडून देता आला असता. दोन्ही एकदम आले की गाडी काहीतरी गंभीर सांगत असते.

दिवा नेमके काय सांगतो?

पुष्कळांची समजूत असते की हा दिवा तेल कमी झाल्याचा आहे. तसे नाही. तो तेलाचा दाब कमी झाल्याचा दिवा आहे. चेंबरमध्ये तेल काठोकाठ असूनही दाब नसू शकतो. उलट, तेल बरेच कमी झाले तरी पंपाच्या तोंडाशी तेल आहे तोवर दिवा गप्प राहतो.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप तेल उपसतो. तिथे जाळी असते. पुढे फिल्टर, मग ब्लॉकमधल्या बारीक वाटा, आणि त्यांतून तेल क्रँकच्या मेन बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडच्या बिगएंड बेअरिंगला आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. त्या फटीत दाबाने शिरलेले तेल क्रँकला अक्षरशः तरंगत ठेवते. लोखंड लोखंडाला लागतच नाही. लागले, तर टकटक सुरू होते.

बेअरिंग झिजले की फट वाढते आणि तेल तिथून भराभर निसटू लागते. फट दुप्पट झाली तर निसटणारे तेल दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. पंप बिचारा इंजिनाच्या वेगानेच फिरणार. जोरात असताना तो ही गळती भरून काढतो, पण गाडी न्यूट्रलला संथ चालत असताना कमी पडतो. त्यात तेल तापून पातळ झालेले. म्हणून झिजलेल्या इंजिनाचा दिवा घाट चढून थांबल्यावर लुकलुकतो. सकाळी थंड इंजिनात तोच दिवा साळसूदपणे विझलेला असतो.

आणखी एक. हा दिवा बहुतेक गाड्यांत दाब पाच पौंडांच्या आसपास उतरल्यावरच पेटतो. म्हणजे तो पेटतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. गाडी धावत असताना दिवा लागून राहिला, तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचारही करू नये. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन लगेच बंद करावे. दोन-चार मिनिटांतही बेअरिंग जळू शकते.

रस्त्यावर काय पाहता येते?

सेंधव्याच्या त्या टपरीसमोर गृहस्थांनी योग्य तेच केले. गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद केले आणि तेल खाली उतरायला दहा मिनिटे दिली. मग डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली आणि पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही थोडे खाली होते. 800 मध्ये तेल मावतेच जेमतेम तीन लिटर, त्यामुळे अर्ध्या लिटरची घटही तिला जाणवते.

डिपस्टिकवर नुसती पातळी पाहून थांबू नये. तेल बोटावर घ्यावे, हुंगावे. पेट्रोलचा वास आला आणि तेल पाण्यासारखे पातळ लागले, तर पेट्रोल तेलात उतरत आहे. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरसारख्या गाड्यांत इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की हमखास असे होते. पातळी मात्र वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो की गाडी तेल खात नाही! तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून. या दोन्हींत वरून तेल ओतून उपयोग नाही. आधी ते कारण दूर करून सगळे तेल बदलावे लागते.

इथे तसे काही नव्हते. तेल काळे होते, पण वास ठीक. जवळच्या दुकानातून त्याच दर्जाचे तेल आणून अर्धा लिटर घातले. दिव्याचे लुकलुकणे कमी झाले, थांबले मात्र नाही. आणि बॉनेट उघडून गाडी किंचित रेस केली की खालून तो आवाज येतच होता.

इंदूर अजून सुमारे दीडशे किलोमीटर होते. गृहस्थांचे म्हणणे पडले की हळूहळू जाऊ. बाई म्हणाल्या, ‘‘मी आईंना घेऊन बसने जाते. तुम्ही गाडी ओढून आणा.’’ त्या वेळी हा खर्च जड वाटला खरा. पण आवाज नसता आणि दिवा फक्त थांबल्यावर लुकलुकत असता, तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाणे चालले असते. आवाज असताना नाही. गाडी ओढून आणली गेली आणि त्याच निर्णयाने क्रँक वाचला, हे पुढे कळले.

तीन गॅरेज, तीन मते

पहिल्या गॅरेजमध्ये कान लावून मिनिटभरात निकाल मिळाला, ‘‘साहेब, फुल इंजिन काम.’’ दुसऱ्याने धीर दिला, ‘‘जाड तेल टाकतो आणि वरून एक डबी दवा. दिवा दिसणार नाही.’’ दिवा दिसला नसताच. जाड तेल मोठ्या फटीतून सावकाश निसटते, दाब थोडा वाढतो, आवाजही दबतो. पण फट तिथेच राहते आणि वाढत जाते. शिवाय थंडीतल्या सकाळी ते घट्ट तेल वरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. तेवढा वेळ कॅमशाफ्ट कोरडा घासतो. दमलेल्या इंजिनाला एक पायरी जाड तेल देण्यात गैर नाही, पण निदान झाल्यानंतर. निदान टाळण्यासाठी नव्हे.

तिसरे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी आवाजाबद्दल काही न बोलता आधी दिव्याची खात्री केली. चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवले. दिवा लागला, म्हणजे बल्ब ठीक. मग ब्लॉकवरच्या तेलाच्या स्विचची वायर काढून मोकळी धरली. दिवा विझला, म्हणजे वायर कुठे बॉडीला टेकलेली नाही. वायर काढूनही दिवा लागून राहिला असता, तर दोष वायरीत निघाला असता. एवढी तपासणी कोणीही घरी करू शकतो, हत्यार लागत नाही.

त्यानंतर त्यांनी स्विच पान्ह्याने काढून त्या भोकात दाब मोजणारे मीटर बसवले. गॅरेजच्या भाषेत मास्टर गेज. जुन्या जीपला असा काटा डॅशबोर्डवरच असे आणि चालक त्याच्याकडे घड्याळासारखा पाहत असे. घरगुती गाड्यांत त्याच्या जागी दिवा आला. त्यामुळे दाब हळूहळू घसरतो तेव्हा मालकाला ते कळतच नाही.

मोजमाप थंड इंजिनावर एकदा आणि इंजिन पुरते तापल्यावर पुन्हा करायचे असते. नुसते थंड असताना मोजून ‘सगळे ठीक’ म्हणणारा एक तर नवशिका असतो किंवा गाडी विकायला निघालेला. कंपनीच्या पुस्तकातला आकडा अखेरचा. तो हाताशी नसेल तर जुने मिस्त्री दर हजार फेऱ्यांना दहा पौंड असा ठोकताळा धरतात. म्हणजे तापलेल्या इंजिनात दोन हजार फेऱ्यांना वीस, तीन हजारांना तीस.

या गाडीत थंड असताना काटा चांगला वर गेला. तापल्यावर न्यूट्रलला तो सहा पौंडांवर थरथरू लागला. दोन हजार फेऱ्यांना चौदा.

काट्याची वागणूक आकड्याइतकीच बोलकी असते. रेस केल्यावर दाब भरपूर वाढतो, फक्त न्यूट्रलला कमी पडतो, तर बेअरिंगची झीज किंवा पातळ तेल. दाब सगळ्याच वेगांना कमी असेल, तर पंप झिजला आहे किंवा जादा दाब सोडणारी झडप कचरा अडकून उघडी राहिली आहे. ही झडप म्हणजे साधी स्प्रिंग आणि दट्ट्या. काही इंजिनांत ती बाहेरूनच काढून साफ करता येते, म्हणून इंजिन खोलण्याआधी ती पाहणे शहाणपणाचे. सुरुवातीला दाब ठीक असतो आणि वेगात थोडा वेळ चालवल्यावर पडतो, तर चेंबरमधली जाळी तुंबली आहे. काटा सारखा थरथरतो, तेव्हा पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आहे. तेल कमी असेल किंवा उपसणाऱ्या नळीचा जोड सैल.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक कारण नेहमी सापडते आणि नेहमी विसरले जाते. गतिरोधकावर किंवा दगडावर चेंबर आपटते, पत्रा आत दबतो आणि जाळीच्या तोंडाला जाऊन टेकतो. तेल गळत नाही, डिपस्टिक ठीक दाखवते, पण पंपाला तेल मिळत नाही. म्हणून गाडीखाली वाकून चेंबरचा पत्रा एकदा डोळ्यांनी पाहावा.

आवाज ओळखायचा कसा?

मग मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचेच काम. (घरी कोणी करून पाहणार असेल, तर पदर, ओढणी, मफलर आधी घट्ट खोचून घ्यावे आणि पंखा-पट्ट्यापासून दूर राहावे.)

पहिला प्रश्न असा की आवाज वरचा की खालचा? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेटची टिकटिक हलकी आणि इंजिनाच्या निम्म्या लयीत येते, शिवणयंत्रासारखी. इंजिन चालू असताना टॅपेटच्या फटीत फीलर गेजची पट्टी सरकवली आणि टिकटिक थांबली, तर चोर सापडला. हा आवाज ऐकून घाबरू नये. दिवा लागत नसेल तर टॅपेट सेट करून काम भागते. मात्र टॅपेट नीट बसवूनही वरचा भाग वाजतच राहिला, तर वरपर्यंत तेल पोहोचते का ते पाहावे.

खालचे आवाज जड आणि इंजिनाच्या पूर्ण लयीत असतात. बिगएंडची टकटक कडक, धातूची. दीड-दोन हजार फेऱ्यांना धरून ठेवल्यावर किंवा पाय अलगद काढताना ती स्पष्ट येते. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल, ठोक्यासारखा. भार पडला की तो पायाखालच्या पत्र्यातून जाणवतो. पिस्टन सैल असेल तर सकाळी पोकळ खडखड येते आणि इंजिन तापले की मावळते. तो आवाज कानाला वाईट वाटला तरी अशी गाडी बरीच वर्षे चालते. घाटात जोर देताना छर्रे सांडल्यासारखी तडतड झाली, तर ते बेअरिंग नव्हे. इग्निशनचे टायमिंग पुढे गेले आहे किंवा पेट्रोल हलके आहे.

मिस्त्रींनी जाड रबराची मूठ असलेल्या पकडीने एकेक प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, दुसरी काढली, आवाज तसाच. तिसरी काढताच टकटक निम्म्याहून कमी झाली. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होणे थांबले, रॉडवरचा भार गेला, म्हणून आवाज दबला. तिसऱ्या रॉडचे बिगएंड. मेन बेअरिंग असते, तर एका प्लगने फारसा फरक पडला नसता. ही युक्ती कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांपुरतीच ठेवावी. इंजेक्शनच्या गाडीत अशी वायर ओढली तर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढतात.

गाडीवर खोट्या टकटकीही असतात. सैल पुली, वॉटर पंपाचे बेअरिंग, मॅनिफोल्डच्या फुटक्या गॅस्केटमधून सुटणारा धूर. हे आवाज बिगएंडची हुबेहूब नक्कल करतात. पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवले की पुली आणि वॉटर पंप निर्दोष आहेत की नाहीत ते समजते. मॅनिफोल्डच्या जोडाशी काळी काजळी दिसते.

चेंबर उतरल्यावर

तेल काढून चेंबर खाली घेतले तेव्हा जाळीचा अर्धा भाग काळ्या, डांबरासारख्या गाळाने बंद होता. त्यात गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचे रबरी तुकडे. कधीतरी कोणीतरी हौसेने जास्त लावलेले. मग तिसऱ्या रॉडची टोपी उघडली. बेअरिंगचा राखाडी थर घासून खालचा तांबूस रंग दिसू लागला होता. क्रँक मात्र नखाला खरबरीत लागला नाही. मायक्रोमीटरने मापला तर तो मूळ मापातच होता.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. जाळी तुंबली म्हणून तेल कमी, तेल कमी म्हणून बेअरिंग झिजले, ते झिजले म्हणून दाब आणखी पडला. दीडशे किलोमीटर तसेच आणले असते, तर क्रँकवर ओरखडे पडले असते. मग क्रँक लेथवर घासून दहा थाऊ लहान करणे, त्या मापाचे बेअरिंग, आणि इंजिन उतरलेच आहे तर पिस्टन-रिंगही, असा खर्च वाढत गेला असता. इथे सगळी बेअरिंगे नवी, जाळी साफ, पंपाच्या फटी तपासून तो पुन्हा बसवला, फिल्टर नवा, तेल नवे. ‘फुल इंजिन काम’ टळले.

फ्लशिंग ऑइल घालून गाळ धुऊन काढू, अशी सूचना पहिल्या गॅरेजमध्येही झाली होती. गाळ इतका साठलेल्या इंजिनात ते अंगाशी येते. सुटलेले तुकडे नेमके त्या जाळीवरच जाऊन बसतात. अशा वेळी चेंबर उतरवून हाताने साफ करणेच बरे.

फिल्टरच्या बाबतीतही थोडे. दुकानात मूळ फिल्टरसारखी दिसणारी स्वस्त नक्कल मिळते. चांगल्या फिल्टरमध्ये, इंजिन बंद झाल्यावर तेल परत खाली जाऊ न देणारी रबरी झडप असते. नकलेत ती नसते किंवा कडक झालेली असते. मग रोज सकाळी दिवा चार-पाच सेकंद लागून राहतो आणि इंजिन खडखडते. पुष्कळ गाड्यांचा हा ‘आजार’ फिल्टर बदलताच बरा होतो.

जुनी गाडी घेताना

मारुती 800 चे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले, अ‍ॅम्बेसेडरचेही त्याच वर्षी. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये उतरली. तरी घरोघरी अशा गाड्या आहेत आणि त्या हातोहात विकल्याही जातात. घेणाऱ्याने गाडी पाहायला जाताना आधी बॉनेटला हात लावावा. ते गरम लागले, तर थंड इंजिनाची खडखड ऐकू येऊ नये म्हणून गाडी आधीच फिरवून आणलेली असू शकते. पुढे अर्धा तास चालवून गाडी न्यूट्रलला उभी करावी आणि दिव्याकडे पाहत राहावे. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला आहे किंवा कोणी काढला आहे. काही ठिकाणी तर तेलाच्या दिव्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडून दोन्ही एकदमच विझतील अशी सोय केलेली सापडते! स्विचची वायर मोकळी करून ती बॉडीला टेकवली की तेलाचा दिवा लागलाच पाहिजे. एवढे पाहिले की ही लबाडी उघडी पडते.

सेंधव्याची ती गाडी जोडून झाल्यावर मिस्त्रींनी लगेच सुरू केली नाही. फिल्टर बसवण्याआधी तेलाने भरला, प्लग काढून ठेवले आणि दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर थांबत-थांबत फिरवला, म्हणजे नवी बेअरिंगे कोरडी फिरू नयेत. मग प्लग लावून इंजिन चालू केले आणि अर्ध्या तासाने काटा पाहिला. न्यूट्रलला अठरा पौंड, दोन हजार फेऱ्यांना पस्तीस. पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल बदलायला या, असे सांगून त्यांनी मास्टर गेज काढून घेतले. बाईंनी विचारले, ‘‘हा काटा गाडीत कायमचा नाही का बसवता येणार?’’ येतो. स्विचच्या जागी तीन तोंडांचा जोड लावला की दिवाही राहतो आणि काटाही. पुढच्या रविवारी तो बसवून घेतला गेला, गिअरच्या पुढे, बाईंना दिसेल अशा जागी.